राखून ठेवलेला वन्स मोअर

हसून घ्या आत्ताच. मग रात्री पाणी प्यायला एकट्यानं स्वयंपाकघरात जायची वेळ आली की मला उठवायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. आणि तो मोबाइल पालथा घाल रे, डोळ्यांत उजेड जातो. नाटकाला गेलात तरी तुमची हीच खोड. समोर बाई जीव तोडून गातेय आणि हे आपले खाली मान घालून बोटं फिरवतायत.

असो. ही गोष्ट माझी नाही. चष्मेवाल्याची आहे. थिएटरच्या समोर ज्याचं दुकान आहे तो. तुमच्यातल्या दोघांच्या नाकावर त्याचेच चष्मे आहेत. या माणसाला खोटं बोलता येत नाही. फ्रेम शोभत नसेल तर गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतो आणि हातचा धंदा घालवतो. त्यानं मला हे एकदाच सांगितलं आणि सांगताना माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठला. तेव्हा मध्ये फाटे फोडू नका, ऐका.

आपल्याकडचं संगीत नाटक मंडळ तुम्हाला माहीतच आहे. सगळी घरचीच माणसं. खलनायक दिवसा दात काढतो, राजा कर भरणा कार्यालयात खिडकीमागे बसतो, ऑर्गनवाला शाळेत गणित शिकवतो. पण संध्याकाळी दिवे लागले आणि ऑर्गनचा पहिला सूर निघाला की हीच माणसं ओळखू येत नाहीत. मी आणि चष्मेवाला गेली कित्येक वर्षं प्रत्येक नाटकाला शेजारी शेजारी बसतो. मी आपला गुपचूप ऐकणारा. तो नाही. पद रंगलं की त्याच्या तोंडून 'वन्स मोअर' निघणारच. आणि काय नेमका निघायचा! शेवटचा सूर विरायच्या आत नाही, टाळी पडल्यावरही नाही. मधल्या त्या अर्ध्या श्वासात. नट मंडळी त्याला 'वन्समोअर' याच नावानं हाक मारायची. बायको म्हणायची, "अहो, झोपेतसुद्धा ओरडता तुम्ही." तेही खरं होतं.

त्याला एकच मुलगी. बँकेत नोकरी करते, संध्याकाळी तालमीला जाते. पाच वर्षं बिचारी कोरसमध्ये मागच्या रांगेत उभी राहिली. कधी दासी, कधी गावकरीण. गेल्या वर्षी मंडळानं नवं नाटक बसवायला घेतलं आणि नायिकेचं काम तिला दिलं. नदीवर नाव थांबवून कुणाचीतरी वाट बघणाऱ्या बाईचं. तिसऱ्या अंकात तिचं मोठं पद आहे, 'थांब नावाड्या, कुणीतरी यायचं आहे'. सगळं नाटक त्या पदावर उभं. पोरीच्या आयुष्यातलं पहिलं मोठं काम, आणि बापाच्या आयुष्यातलं... तेही पहिलंच म्हणा. तिच्यापेक्षा ह्याचीच झोप उडाली होती.

तर गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शुक्रवार. दुसऱ्या दिवशी पहिला प्रयोग. रंगीत तालीम करून मुलगी घरी आली, दोन घास खाल्ले, आणि अंथरुणावर पडली तर नुसती कूस बदलतेय. शेवटी उठून बाहेर आली.

"बाबा, माझा थर्मास मेकअपरूममध्येच राहिला."

"मग? उद्या तिथेच तर जायचंय."

"सकाळी उठल्या उठल्या लागतो मला. त्याच थर्मासमधलं गरम पाणी प्यायले की आवाज सुटतो."

"अगं, पाणी ते पाणी. पातेल्यातलं पी."

ती दारातून हललीच नाही. गाणाऱ्या माणसांचे असले नखरे असतात आणि प्रयोगाच्या आदल्या रात्री ते पुरवायचे असतात, हे त्याला माहीत होतं. त्यानं पायांत चपला सरकवल्या. म्हणाला, "आणतो. तू डोळे मिटून पड. आणि तोंड उघडू नकोस, घसा सांभाळ."

पावणेअकरा झाले असतील. थिएटर घरापासून दोन गल्ल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आपल्या भागात त्या वेळी नसतंच. वॉचमन मागच्या दाराशी स्टूल टाकून बसला होता. ओळखीचा. म्हणाला, "काका, आत अंधार आहे हां, दिव्यांचा मेन बंद केलाय. बॅटरी देऊ?" चष्मेवाला म्हणाला, "कशाला? या थिएटरात मी डोळे बांधूनसुद्धा फिरेन." ऐट! चष्मे विकणाऱ्याची ऐट.

मेकअपरूम डाव्या हाताला. फोनच्या उजेडात त्याला थर्मास लगेच सापडला, आरशापुढे पावडरच्या डब्यांत उभा होता. उचलला, बगलेत मारला. काम झालं. सरळ घरी यायचं की नाही?

पण बाहेर पडताना त्याच्या कानावर गाणं आलं.

स्टेजवरून. 'थांब नावाड्या...' आणि आवाज त्याच्याच लेकीचा.

तो काही घाबरला नाही. घाबरायचं काय त्यात? त्याला वाटलं, तालमीचं रेकॉर्डिंग केलं असणार आणि ध्वनिवाला पोरगा यंत्र चालू ठेवून घरी पळाला. उद्या ऐन वेळी काहीतरी बिघडायचं, म्हणून बंद करायला तो विंगेतून खाली उतरला आणि प्रेक्षागृहात आला. सगळीकडे अंधार. फक्त दारावरच्या 'बाहेर' या पाटीचा तांबडा उजेड. पडदा वर होता. स्टेज रिकामं.

आणि गाणं असं काही लागलं होतं म्हणता! घरात चोरून ऐकलं होतं त्यानं, दाराला कान लावून. पण हे वेगळं. तो तसाच आपल्या नेहमीच्या खुर्चीशी गेला, खुर्चीची बैठक खाली केली आणि बसला. एक मिनिट, म्हणाला मनाशी. एवढं ऐकतो आणि बंद करतो. थर्मास मांडीवर. डोळे भरून आले त्याचे. कोरसमधल्या त्या मागच्या रांगेतली आपली पोर, आणि हे गाणं!

शेवटचा सूर लांबला... विरला...

आणि सवयीनं, अगदी नेमक्या त्या अर्ध्या श्वासात, त्याच्या तोंडून निघून गेलं,

"वन्स मोअर!"

स्वतःच हसला. रिकाम्या थिएटरात, यंत्राला वन्स मोअर! उठायला लागला.

गाणं पुन्हा सुरू झालं.

आता इथे नीट लक्ष द्या. आपल्या मंडळाची एक रीत आहे. वन्स मोअर मिळाला की पद पहिल्यापासून घ्यायचं नाही. पहिली ओळ सोडायची आणि थेट अंतऱ्यापासून उचलायचं, जरा संथ लयीत, हरकती बदलून. रेकॉर्डिंग पुन्हा लागलं असतं तर 'थांब नावाड्या'पासून लागलं असतं. यंत्राला काय कळतं अंतरा कुठे ते?

गाणं अंतऱ्यापासून सुरू झालं. संथ. नव्या हरकती घेऊन.

तो अर्धवट उठलेला तसाच राहिला.

"कोण आहे?" त्यानं विचारलं. मग मुलीचं नाव घेऊन हाक मारली. गाणं थांबलं नाही. स्टेजवर कुणी नव्हतं. पण आवाज तिथूनच येत होता, मध्यभागातून, जिथे उद्या ती उभी राहणार होती तिथून. श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येत होता.

तेवढ्यात फोन थरथरला. बायको.

"अहो, कुठे आहात? लवकर या."

"काय झालं?"

"ही उठून बसलीय. डोळे उघडे आहेत, पण माझ्याकडे बघत नाही. तोंड हलतंय नुसतं."

"म्हणजे काय?"

"गाताना हलतं ना, तसं. गळ्याच्या शिरा ताणल्यात. पण आवाज नाही हो. अजिबात आवाज नाही. मी हलवलं, गालावर पाणी मारलं..."

चष्मेवाल्यानं फोन कानाला तसाच धरून ठेवला. एका कानात बायकोचं रडणं. दुसऱ्या कानात लेकीचं गाणं.

तोंड तिकडे. आवाज इकडे.

पोरीचा आवाज आणि उद्याचा प्रयोग, पाच वर्षांची मेहनत, सगळं त्या अंधारात उभं होतं आणि पुन्हा बोलावलं होतं त्यानंच. स्वतःच्या तोंडानं. गाणं संपलं. त्यानं श्वास रोखला. संपलं एकदाचं. आता आवाज घरी जाईल, असं काहीबाही त्याच्या मनात आलं.

फोनवर बायको म्हणाली, "थांबली. मिटलं तोंड. अहो, थांबली..."

आणि मागून, वरून, आवाज आला.

"वन्स... मोअर..."

हळू. घोगरा. म्हाताऱ्या माणसाचा.

त्यानं मागं वळून पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. मागे वर बाल्कनी आहे. तुम्ही कधी पाहिली नसेल, तुळईला तडा गेला म्हणून ती तुमच्या जन्माआधीच बंद केली. पूर्वी तिथे सगळ्यात स्वस्त तिकीट असायचं. खरे दर्दी तिथे बसायचे. बाल्कनीला कुलूप लागलं. ती माणसं पुढे कुठे गेली, कुणी विचारलं नाही. नाही रे, कुणी पडून मेलं वगैरे नाही. तसं काही झालं असतं तर बरं, कारण तरी सापडलं असतं.

"वन्स मोअर..." दुसरा आवाज. मग तिसरा. बाईचा.

गाणं पुन्हा सुरू झालं. अंतऱ्यापासून.

या वेळी सूर जरा फाटला होता.

"अहो, परत!" बायको ओरडली. "परत सुरू झालं! ओठ कोरडे पडलेत तिचे... अहो, काहीतरी करा..."

तो धावला. पायऱ्यांवर ठेचकाळत बाल्कनीच्या दाराशी गेला. दाराला साखळी. साखळीला कुलूप. गंजलेलं. आत... कुणी खोकलं. नाटक रंगात आलं की एखादा दाबून खोकतो ना, तसं.

गाणं संपलं.

"वन्स मोअर..." आता बरेच आवाज.

"पुरे!" तो ओरडला. "बास करा!"

गाणं सुरू. सूर आणखी फाटलेला. बारीक.

फोनवर नुसतं रडणं.

तो तिथेच दाराशी खाली बसला. आणि मग त्याच्या डोक्यात काय आलं... ते त्याच्याच डोक्यात यायचं. चष्मेवाला आयुष्यभर प्रेक्षक. त्याला प्रेक्षक ओळखता येतो. ओरडून प्रेक्षक गप्प बसत नाही. हाकलून जात नाही. त्याला फक्त एकच गोष्ट उठवते. उद्या याहून चांगलं मिळणार आहे, हे कळलं की तो उठतो.

त्यानं दाराला तोंड लावलं.

"मंडळी," म्हणाला. "मंडळी, ऐका. ही तालीम आहे. नुसती तालीम. माझ्या लेकीचा उद्या पहिला प्रयोग आहे. पोशाख असेल, दिवे असतील, ऑर्गनची साथ असेल. तिचा घसा आज संपवू नका. हात जोडतो."

आत शांत.

"उद्या या. पहिल्यांदा गाईल ते खालच्या लोकांसाठी. वन्स मोअर तुमचा. फक्त तुमचा. मी राखून ठेवतो. शब्द देतो तुम्हाला."

गाणं अर्ध्या ओळीत थांबलं.

मग... खट्.

स्प्रिंगच्या खुर्चीवरून माणूस उठलं की बैठक वर जाते ना, तो आवाज. खट्. मग दुसरा. खट्. खट्. खट्. रांगच्या रांग. नाटक सुटल्यावर होतं तसं. पायांचा आवाज मात्र एकही नाही.

मग काहीच नाही.

"अहो," बायकोचा आवाज आला. "आडवी झाली. झोपली. घोरतेय चक्क."

तो कसा घरी आला ते त्याला आठवत नाही. वॉचमन म्हणाला, "सापडला का थर्मास?" तर ह्यानं मान हलवली म्हणे. सकाळी मुलगी उठली, त्या थर्मासमधलं गरम पाणी प्यायली, सा लावला. स्वच्छ. रात्रीचं तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आईनं विचारलं तर म्हणाली, "छान झोप लागली मला." चष्मेवाला मोरीत जाऊन रडला. सुटलो, वाटलं त्याला.

पण शब्द देताना 'उद्यापुरता' असं म्हणायचं राहून गेलं होतं. घाईत. भीतीत. माणूस आहे.

आता पुढचं मी स्वतः पाहिलंय. शनिवारी थिएटर भरलेलं, बाहेर माणसं उभी. आम्ही नेहमीच्या जागी. हा माझ्या शेजारी असा बसलेला, जसं दातांच्या डॉक्टरकडे बसलाय. मला तेव्हा काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "अरे, तुझ्या लेकीचा दिवस आहे आणि तुझं तोंड असं का?"

तिसरा अंक. ती पुढे आली आणि तिनं 'थांब नावाड्या' घेतलं. काय सांगू तुम्हाला! इतकी वर्षं नाटकं बघतोय, पण त्या दिवशी माझ्या अंगावर आलेला काटा अजून बसलेला नाही. शेवटचा सूर संपला, आणि मी त्याच्याकडे बघितलं. आता हा ओरडणार! त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

तो नाही ओरडला. पण थिएटर थोडंच ऐकतंय? चारी बाजूंनी "वन्स मोअर! वन्स मोअर!"

ती हसली. मान वर केली. आमच्या डोक्यांवरून, मागे, वर बघितलं. ऑर्गनवाल्यानं अंतरा धरला. तिनं तोंड उघडलं.

आवाज नाही.

ओठ हलतायत. हात हलतोय. गळ्याची शीर ताणलेली. डोळ्यांत पाणी. आणि आवाज... नाही. ऑर्गनवाला दोन ओळी वाजवत राहिला, मग तोही थांबला. आठशे माणसं, आणि टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. ती मात्र थांबली नाही. सगळा अंतरा तशीच गायली. अगदी शेवटपर्यंत. मग हात जोडून वाकली. आमच्यासाठी नाही. वरच्यांसाठी.

लोकांना वाटलं, नवीन काहीतरी अभिनय आहे. टाळ्या कडाडल्या. नंतर त्या 'मूक अंतऱ्या'चं कौतुक छापूनसुद्धा आलं. आजही प्रत्येक प्रयोगाला ती तो तसाच करते. लोक तेवढ्यासाठी तिकीट काढतात. गळ्याच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. कुणी कितीही सांगितलं तरी तिला वाटतं, ती गाते.

प्रयोग संपल्यावर आम्ही मेकअपरूममध्ये गेलो. ती धावत आली, बापाच्या गळ्यात पडली.

"बाबा, दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा छान झालं ना? खरं सांगा. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं गाणं होतं ते."

"हो," तो म्हणाला. त्या माणसाला मी पहिल्यांदाच खोटं बोलताना पाहिलं.

"वरचे तर सगळे उभेच राहिले," ती म्हणाली. "तुम्ही का नाही टाळी वाजवलीत?"

त्या रात्री त्यानं मला सगळं सांगितलं, मनगट धरून. मी म्हटलं, वेडा झालास तू. चल, उद्या उजेडी ते दार उघडू, म्हणजे तुझं डोकं ताळ्यावर येईल. रविवारी सकाळी दहाला आम्ही दोघं आणि वॉचमन वर गेलो. कुलूप किल्लीला दाद देईना, करवतीनं कापावं लागलं. दार ढकललं.

धूळ. बोटभर जाड. जमिनीवर एक पाऊल उमटलेलं नाही, उंदराचंसुद्धा नाही. खुर्च्यांच्या सगळ्या बैठका वर, स्प्रिंगनं जशा असायला हव्यात तशा. मी म्हणणारच होतो, बघ, आहे का काही?

मग दिसलं. पहिल्या रांगेत, बरोबर मध्ये, एकच बैठक खाली होती. कुणीही बसलेलं नसताना खाली. तिच्यावर धुळीचा कण नव्हता. आणि वर एक रुमाल टाकलेला होता. पांढरा. धुतलेला. इस्त्री करून चौकोनी घडी घातलेला. आपण कुणासाठी जागा धरून ठेवतो ना, तसा.

वॉचमन खाली पळाला. मी दाराशीच थांबलो. चष्मेवाला मात्र त्या रुमालाकडे बघत राहिला, कितीतरी वेळ. मग अगदी हळू म्हणाला,

"इथून ऐकू येत असेल रे."

मी त्याला दंडाला धरून ओढत खाली आणला. नवं कुलूप मी स्वतः लावलं. रुमाल आतच राहिला. किल्ली माझ्याकडे असते. आणि दर प्रयोगाला, तिचं पद संपत आलं की, अंधारात तो माझ्यापुढे हात पसरतो.